मायक्रोस्कोप नागपुरात होता तेव्हा

४ मार्च १९६३, सोमवार
सकाळी लॅबोरेटरीचे मालक केशवराव स्वतः प्रेसमध्ये आले. गुरुवारच्या अंकाच्या आणखी पंचवीस प्रती पाहिजेत. एक काचेत बसवून लॅबोरेटरीच्या भिंतीवर लावली म्हणाले. "युसूफभाई, तुमच्या लेखानं काम केलं. वणीकडचे पेशंट आता नागपूरले न जाता आपल्याकडं येऊन राह्यले." संपादक अण्णासाहेब खूश. केशवरावांची अर्ध्या पानाची जाहिरात वर्षभर पक्की.

लेख बरा जमला होता. बाजारपेठेच्या पानावर इतकी वर्षं कापूस, सरकी, तूरडाळ. रक्त-थुंकीच्या धंद्यावर पहिल्यांदाच लिहिलं. धंदा तसा सरळ. कळंब, मारेगाव, मुकुटबनच्या औषधाच्या दुकानांत नमुन्यांच्या बाटल्या जमा होतात, लाकडी पेटीत घालून सकाळच्या एस.टी.नं यवतमाळला येतात, दुसऱ्या दिवशी त्याच गाडीनं रिपोर्ट परत. पेशंटाला ना प्रवास, ना मुक्काम. मथळा माझाच. 'नागपूरची तपासणी घराजवळ'.

तपासण्या करतो माझा मेहुणा हमीद. घरचा म्हणून त्याचं नाव लेखात घातलं नाही.

६ मार्च, बुधवार
हमीद दुपारी जेवायला आला. महिनाभर उतरलेला चेहरा. नसीमनं, म्हणजे त्याच्या बहिणीनं, दोनदा विचारलं तेव्हा म्हणाला, "आता बरं हाय आपा. मायक्रोस्कोप आला."

"कुठून आला?" मी.

"नागपूरहून. दुरुस्तीले गेलता."

"कधी?"

त्यानं ताट सरकवलं. मग हात धुतले आणि चालला गेला. भात तसाच.

मी पंधरा फेब्रुवारीला लॅबोरेटरीत गेलो होतो. रोजा होता, अंगात दम नव्हता, खुर्चीत बसूनच सगळं विचारलं. टेबलावर काळी खोळ घातलेला मायक्रोस्कोप होता. लेखात मी छापलंय, 'जर्मन बनावटीचा चकचकीत सूक्ष्मदर्शक'. चकचकीत हा शब्द केशवरावांचा. खोळ मी उचलली नव्हती.

८ मार्च, शुक्रवार
जुम्म्याची नमाज झाल्यावर हमीदला मशिदीबाहेर गाठलं. चालत चालत स्टेशनापर्यंत गेलो. मूर्तिजापूरची गाडी उभी होती, इंजिन पाणी घेत होतं. त्या आवाजात त्याला बोलायला सोपं गेलं असावं.

पाच फेब्रुवारीला मशीन बिघडली. भिंगाला बुरशी, चाक फिरेना. नागपूरला पाठवली, सत्तावीसला परत आली. मधले बावीस दिवस पेट्या येतच राहिल्या.

"मग खोळीखाली काय होतं?"

"बिस्किटाचा डबा. वर एक वाटी उलटी ठेवली होती."

मला हसू येईल असं वाटलं. आलं नाही.

"रिपोर्ट कोणी लिहिले?"

"मी लिहिले. लघवी, साखर, ते बिना मशीनचं होते, ते खरं केलं मी, कसम. थुंकीचे मात्र केशवराव सांगत आन् मी लिहो. डॉक्टरच्या चिठ्ठीत रक्त पडते असं असलं की लिहायचं, क्षयाचे जंतू आहेत. नसलं तं लिहायचं, नाहीत."

"आणि सही?"

"सही आधीचीच राह्यते. नागपूरचे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, कोऱ्या फॉर्मवर सह्या करून जातात."

वळताना म्हणाला, "दुल्हेभाई, मी हे पेपरवाल्याले नाही सांगतलं. घरच्या माणसाले सांगतलं."

९ मार्च, शनिवार
प्रेसच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड. माझ्याच नावानं. अक्षर शिक्षकी, टोकदार. जसंच्या तसं उतरवून ठेवतो:

'आपला लॅबोरेटरीवरील लेख वाचला. माझी थुंकी तेथेच तपासली. रिपोर्ट १६ फेब्रुवारीचा, क्षय असल्याचा. मी शिक्षिका आहे. तेव्हापासून घरी आहे. मला ताप नाही. दात दुखत होता, त्याचे रक्त असावे असे मला वाटते. आपण या विषयातले जाणकार दिसता. पुन्हा तपासून मिळेल असे दुसरे ठिकाण कळवावे. — कुसुम, मुकुटबन.'

सोळा फेब्रुवारी. मी तिथं बसून गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी.

जाणकार.

१२ मार्च, मंगळवार
अण्णासाहेबांना जिनिंगची बातमी आणतो सांगून मुकुटबनला. वणीला गाडी बदलली. होळीचे रंग अजून लोकांच्या कानामागं.

कुसुमबाई भावाकडं राहतात. तिशीच्या आतबाहेर. पडवीत एका टोकाला खाट, खाटेखाली त्यांचा वेगळा पेला, वेगळी थाळी, वेगळा तांब्या. भावाची लहान मुलगी उंबऱ्याआड उभी. बाईंनी तिच्याकडं एकदाही पाहिलं नाही. पाहिलं की ती येते म्हणाल्या.

"हेडमास्तर म्हणाले, बऱ्या झाल्या की या. त्याईचं काही चुकलं नाही. वर्गात चाळीस लेकरं आहेत. पण मले सांगा, मी आजारी असती तं मले समजलं नसतं का?"

मी म्हटलं सरकारी दवाखान्यात चला, यवतमाळला, तिथं तीन दिवस थुंकी घेऊन तपासतात.

"त्या लॅबोरेटरीवर तुमचा भरोसा नाही का? तुमीच तं लिहिलं."

डब्याचं सांगितलं नाही. म्हटलं, "चूक कोणाचीही होऊ शकते."

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. शिक्षक पाहतात तसं. मग भावाला हाक मारून म्हणाल्या, सोमवारी निघू.

परतीच्या गाडीत मनात लेख जुळून राहिला होता. बाई निरोगी निघतात, रिपोर्ट खोटा ठरतो, पहिल्या पानावर दोन कॉलम. खरं सांगायचं तर मजा येत होती.

१५ मार्च, शुक्रवार
अण्णासाहेबांना, म्हणजे आमच्या अ.सां.ना, सगळं सांगितलं. दार लावून घेतलं त्यांनी. पानाचा डबा उघडला, पान लावलं, खाल्लं नाही.

"हमीद बोलणार का?"

"माहीत नाही."

"मग तुझ्याजवळ काय आहे? मेहुण्यानं रस्त्यात सांगितलेली गोष्ट." मग म्हणाले, "जाहिरातीचं मी पाहून घेईन, ते माझं दुखणं. पण हा विचार कर. ती लॅबोरेटरी बंद पडली तर उद्या कळंबच्या माणसानं थुंकी घेऊन कुठं जायचं? सरकारी दवाखान्यात आधीच रांग आहे."

"आत्ता तरी कुठं जाऊन राह्यला तो? बिस्किटाच्या डब्याकडं."

अ.सा. हसले नाहीत. "मशीन नागपुरात होती याचा कागद आण. आणि बाईचा नवा रिपोर्ट. मग बोलू."

नाही म्हणाले नाहीत. हेही कमी नाही.

१८ मार्च, सोमवार
नागपूर. दुरुस्तीवाला सीताबर्डीच्या एका गल्लीत, वय झालेला, डोळ्याला भिंग अडकवूनच बोलतो. त्याला कशाचीच भीती नव्हती. "मशीन आली, मी साफ केली, परत दिली. याच्यात लपवायचं काय?" आल्या-गेल्याच्या तारखा कागदावर लिहून शिक्का मारून दिला. पाच आणि सत्तावीस. हमीद खरं बोलला होता.

त्यानं दुसरी एक मशीन लावून मला पाहायला दिली. मला काही दिसेना. "एक डोळा मिटू नका, दोन्ही उघडे ठेवा." मग निळ्यात लाल बारीक काड्या दिसल्या. क्षयाचे जंतू, म्हणाला. चार-पाच. एवढ्याशा.

तिकडं यवतमाळात आज कुसुमबाईंनी पहिली बाटली दिली असेल.

२० मार्च, बुधवार
प्रेसमधून घरी आलो तर केशवराव माझ्या खुर्चीत. समोर चहाचा रिकामा कप. नसीम आतल्या दारात, पदर घट्ट धरून.

"ताईच्या हातचा चहा घेतला," म्हणाले. "तुमी नागपूरले गेलते म्हणे."

कोण बोललं माहीत नाही. दुरुस्तीवाल्यानंच सहज सांगितलं असेल.

मी विचारलं, "बावीस दिवस बंद काहून नाही ठेवली?"

आवाज चढला नाही त्यांचा. "युसूफभाई, मी सरकीचा दलाल होतो. हा धंदा या गावात मी आणला, कोनी आणत नव्हतं. तीन हप्ते पेट्या परत पाठवल्या असत्या तं दुकानदारांनी नागपूरची वाट धरली असती. एकदा थांबलेली पेटी पुन्हा येत नाही. तुमी बाजाराचे माणूस, तुमाले हे मी कायले सांगू."

"पेटीत माणसाची थुंकी होती."

"हो. आन् रिपोर्टावर अक्षर कोनाचं होतं?" ते उठले. "सही डॉक्टरची. अक्षर हमीदचं. माझं कुठंच काही नाही. छापा तुमी, खुशाल छापा."

ते गेल्यावर नसीम पुढं आली. कप उचलला, धुतला, पुन्हा धुतला. मग म्हणाली, "माझ्या भावाले जेलात घालून पेपर काढणार का तुमी?"

 

२२ मार्च, शुक्रवार
कुसुमबाईंचा रिपोर्ट आला. तीनही दिवसांच्या थुंकीत जंतू. डॉक्टरांनी बोलावून दाखवलं. लाल काड्या. सोमवारी पाहिल्या होत्या तशाच.

आहे. क्षय आहे.

दवाखान्याच्या ओट्यावर बसलो. भाऊ भिंतीकडं तोंड करून उभा. मला काय वाटलं ते लिहायलाच पाहिजे. पहिल्यांदा वाटलं, लेख गेला. बाईंचं त्यानंतर. असा माणूस आहे मी.

मग सगळं सांगितलं त्यांना. खोळ, डबा, वाटी, कोऱ्या सह्या.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे त्याईनं न पाहता लिहिलं आन् खरं निघालं."

"हो."

"मी महिनाभर सगळ्याईले सांगत होती का खोटं आहे." ओठांवर पदर धरला. मग पदराआडूनच, "ज्याईले नाही म्हणून लिहून देलं, त्याईचं काय?"

भाऊ भिंतीकडून वळला.

"मी तं घरी बसली. भांडे वेगळे केले. ते कुठं असतील? त्याईच्या घरी लेकरं असतील न?"

इतके दिवस मी खोट्या 'आहे'च्या मागं पळून राहिलो होतो. 'नाही'चा विचार एकदाही केला नव्हता.

सुया उद्यापासून. वर्ष-दीड वर्ष औषध, पण माणूस बरा होतो म्हणाले डॉक्टर. भावानं विचारलं, शाळा? "बऱ्या झाल्या की जातील न." भाऊ तेव्हा रडला.

संध्याकाळी अ.सा. "रिपोर्ट बरोबर निघाला. मग बातमी काय राहिली?" मी बाईंचं वाक्य सांगितलं. त्यांनी लावलेलं पान डब्यात परत ठेवलं.

२३ मार्च, शनिवार
हमीदला घरी बोलावलं. नसीमसमोरच बोललो. त्या बावीस दिवसांत ज्यांना 'नाही' लिहून दिलं त्यांची नावं पाहिजेत.

"रजिस्टर केशवरावच्या कपाटात राह्यते."

"दिवसा तर टेबलावर असतं."

"नाव देलं का मी गेलो कामातून. फक्त कामातूनच नाही. तुमाले समजून नाही राह्यलं, दुल्हेभाई. अक्षर माझं हाय." त्यानं दोन्ही हात पालथे करून पाहिले. काचेच्या नळ्या धरणारे हात.

मी काही म्हणणार तेवढ्यात नसीम बोलली. "त्यात कोनी बाई लेकराले पाजणारी असंल का?"

हमीदनं पायानं चप्पल सरळ केली.

"असंल का, हमीद?"

"एक होती. मारेगावची."

"मंग?"

तो उठून अंगणात गेला. विहिरीजवळ उभा राहिला. नसीम त्याच्यामागं गेली. काय बोलले दोघं ते ऐकू आलं नाही, मीही ऐकायचा प्रयत्न केला नाही. ती परत आली तेव्हा डोळे लाल, म्हणाली, "त्याले सोमवारपर्यंत काही विचारू नका."

बुधवारी तिनं मला जेलाबद्दल जे विचारलं होतं त्याबद्दल आज काही बोलली नाही. 

२५ मार्च, सोमवार
अकरा नावं. शाळेच्या वहीचा कागद, घडी करून खिशात आणलेला. केशवराव जेवायला गेले तेव्हा उतरवली. नाव, गाव, वय. कळंब तीन, मारेगाव पाच, मुकुटबन दोन, वणी एक. अक्षर तेच, रिपोर्टावरचं. गोल, सुबक. मारेगावच्या एका नावाखाली रेघ मारलेली.

"आता काय?" मी.

"आता केशवरावले सांगून टाकतो का मी कागद देला. त्याईनं दुसऱ्याकडून ऐकावं असं नाही पाहिजे मले."

अडवलं नाही. दुपारी परत आला तेव्हा हातात त्याचा जेवणाचा डबा आणि लॅबोरेटरीत घालायचा कोट होता. एवढंच म्हणाला, "काही बोलले नाही. खुर्ची सरकवली फक्त."

नसीमनं कोट खुंटीला अडकवला.

२७ मार्च, बुधवार
काल पाडवा, प्रेस बंद. आज मॅटर कंपोझ झालं, खिळे गॅलीत जुळवून बांधले. दीड कॉलम. 'उघडकीस' वगैरे शब्द नाहीत. तारखा, कागद, पेट्या कशा येतात, सह्या कशा होतात. आणि मी स्वतः लॅबोरेटरीत बसून खोळ उचलली नाही, तेही. अ.सा. म्हणाले ते काढ, पेपरची अब्रू जाते. मी म्हटलं ते राहिलं तरच बाकीचं छापा.

हमीदच्या नावाच्या जागी 'एक कर्मचारी' होतं. त्यानं प्रूफ वाचलं, खाटेवर बसून, दोनदा. "माझं नाव टाका."

"कशाला?"

"अक्षर ओळखणारे ओळखतीलच. मंग मी लपलो असं होईल."

अ.सां.नी प्रूफ तीनदा वाचलं. दुपारी केशवरावांचा माणूस चिठ्ठी घेऊन आला, वकिलाचं नाव असलेली. अ.सां.नी ती वाचून घडी केली, चष्म्याच्या घरात ठेवली. "गॅली तशीच ठेवा," कंपोझिटरला म्हणाले. ठेवा म्हणजे मशीनवर चढवा की नुसतं ठेवा, ते कोणी विचारलं नाही.

२८ मार्च, गुरुवार
अंक निघाला. त्या जागी सरकीच्या भावावरचं माझंच जुनं मॅटर. केशवरावांची अर्ध्या पानाची जाहिरातही आहे.

अ.सां.कडं गेलो. ते म्हणाले, "मी नाही म्हटलेलं नाही युसूफ. एक हप्ता दे. माझा वकील वाचून राह्यला." खरं असेल. गॅली सोडलेली नाही, पाहून आलो, खिळे जागेवर आहेत, दोऱ्यानं बांधलेले.

पण एक हप्ता म्हणजे आणखी सात दिवस ते अकरा जण घरात, शेतात, बाजारात.

हमीदला विचारलं. तो म्हणाला, "पेपरची वाट कायले पाहता? गावं तं माहीत हायेत."

२९ मार्च, शुक्रवार
सकाळच्या गाडीनं कळंब. हमीद खिडकीशी बसला.

पहिलं नाव, एक म्हातारे. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली लेकीकडं घाटंजीले गेले, खोकला लय होता, हवा बदलायले. पत्ता घेतला.

दुसरं नाव विठोबा, वय चाळीस. वेशीजवळ त्याचं दाढी-कटिंगचं दुकान. आम्ही गेलो तेव्हा खुर्चीत एक गिऱ्हाईक, अर्धी दाढी झालेली. विठोबा काम करता करता मान वळवून खोकला आणि पुन्हा वाकला, त्या माणसाच्या तोंडाशी तोंड नेऊन.

मी बोलायची सुरुवात केली. जमेना. विठोबाला वाटलं आम्ही लॅबोरेटरीची वर्गणी की काय मागायला आलो. म्हणाला, "माहा रिपोर्ट साफ हाय. हा पाहा." आरशामागून काढून दिला. तेच गोल, सुबक अक्षर.

हमीदनं तो हातात घेतला. "हे मी लिहिलं. मशीन नव्हती तवा. तुमची थुंकी मी पाह्यलीच नाही."

वस्तरा थांबला.

"म्हंजे?"

"म्हंजे तुमाले असंल बी, नसंल बी. मले माहीत नाही. मी न पाहता लिहिलं."

विठोबानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग हमीदकडं. ओरडेल असं वाटलं. वस्तरा पाण्यात बुडवला, पुसला, मिटला. "आन् एवढे दिवस मी लोकाईच्या तोंडाशी..." 

खुर्चीतला माणूस उठला. गळ्याचा टॉवेल काढून खुर्चीवर टाकला आणि तसाच निघाला, एका गालाला साबण. रस्त्यात दोघांनी त्याला अडवलं. तो आमच्याकडं हात करून सांगत होता. आमचा अंक निघेल तेव्हा निघेल. कळंबात बातमी दहा मिनिटांत पोचली.

हमीद म्हणाला, "चला तुमी. आत्ताच्या गाडीनं यवतमाळ. सरकारी दवाखान्यात मी घेऊन जातो, तुमच्याजवळ उभा राह्यतो."

विठोबानं मान हलवली, हो की नाही कळलं नाही. "घरी सांगून येतो. लेकरू लहान हाय." दुकानाला फळी लावली. आम्ही स्टँडवर थांबलो. दुपारची गाडी आली, गेली. नंतरचीही आली. विठोबा आला नाही. घर शोधत जावं का म्हटलं तर हमीद म्हणाला, बसा, येईल तो. नमाजाची वेळ झाली तरी उठला नाही. शेवटची गाडी साडेपाचला, हे स्टँडवरच लिहितोय. कळंबचं तिसरं नाव अजून राहिलंय, मारेगावच्या त्या बाईकडं उद्याच जायला पाहिजे, आणि हमीद रस्त्याकडं डोळे लावून बसलाय.